उत्सवाच्या आधी दोन महिने

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांमध्ये एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा आला आहे. नोकरी, शिक्षण किंवा मुलाबाळांच्या ओढीने पुण्यात आलेली माणसे लिहितात की शहर आवडले, उत्सव पाहिले, पण या शहरातले ज्याच्या घरी चहाला जावे असे एकही माणूस ओळखीचे झाले नाही. त्यांपैकी तीन पत्रे निवडून या वेळी उत्तरे देत आहे. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : ताई, मी मूळची लातूरची, वय ३४. तीन वर्षांपासून खराडीतील एका कंपनीत नोकरी करते आणि वाघोलीत राहते. गेल्या वर्षी ठरवून दगडूशेठ हलवाई गणपतीचे दर्शन घेतले, अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रस्त्यावर पहाटेपर्यंत मिरवणूक पाहिली, डिसेंबरमध्ये सवाई गंधर्व महोत्सवालाही एक दिवस जाऊन आले. सगळीकडे हजारो माणसे होती, पण घरी परतताना मी जशी गेले तशीच एकटी होते. कंपनीतील मैत्रिणीही माझ्यासारख्याच बाहेरून आलेल्या आहेत. या उत्सवांमधून इथल्या माणसांशी खरोखर ओळख होते का? आणि एकटीने गर्दीत जाण्याचा संकोच कसा घालवावा?

उत्तर : ओळख होते, परंतु आपण ज्या दिवशी गेलात त्या दिवशी ती होणे अवघड होते. अनंत चतुर्दशीला मिरवणुकीत चालणारा कार्यकर्ता आदले कित्येक दिवस नीट झोपलेला नसतो, त्याचा घसा बसलेला असतो आणि त्याचे सारे लक्ष पुढच्या चौकात आपल्या मंडळाला किती वेळ मिळणार याकडे लागलेले असते. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या अनोळखी माणसाकडे पाहायला त्या दिवशी त्याला सवड नसते. त्या मंडळींची एकमेकांशी जी दोस्ती आपल्याला दुरून दिसली, ती आषाढ-श्रावणातल्या संध्याकाळी मंडपाचे खांब रोवताना, देखाव्यावरून वाद घालताना आणि सरावानंतर एकत्र वडापाव खाताना झालेली असते. म्हणून माझे पहिले सांगणे असे की उत्सवाच्या आधी दोन महिने जावे, आणि पाहायला न जाता काहीतरी करायला जावे.

पुण्यात यासाठी ढोल-ताशा पथकासारखी दुसरी जागा मला माहीत नाही. गणपतीच्या साधारण दोन महिने आधी नदीपात्रात, शाळांच्या मैदानांवर आणि मोकळ्या जागांवर पथकांचा सराव सुरू होतो. बहुतेक पथके त्या सुमारास नव्या वादकांची नावनोंदणी करतात आणि ज्यांनी आयुष्यात कधी टिपरू हातात धरले नाही अशांनाही शिकवतात. महाविद्यालयीन मुलांबरोबर बँकेत काम करणाऱ्या, शाळेत शिकवणाऱ्या, संगणक कंपन्यांत नोकरी करणाऱ्या स्त्रिया तिथे मोठ्या संख्येने असतात. कमरेला ढोल बांधताना शेजारची अनोळखी मुलगी दोर आवळून देते, पहिल्या आठवड्यात हाताला फोड आले की कोणीतरी चिकटपट्टी पुढे करते, पावसाने ढोलाचे पान, म्हणजे ज्यावर वाजवतात तो पडदा, सैल पडले की दहा जण मिळून ढोल झाकायला धावतात. अशा वेळी ओळख करून घ्यावी लागत नाही, ती होऊन जाते. रोजच्या तासा-दोन तासांच्या सरावात महिन्याभरात आपल्या ओळीतल्या मुलीच्या घरी कोण आजारी आहे हेही आपल्याला कळलेले असते.

मात्र काही गोष्टी आधी पाहून घ्या. नाव नोंदवण्यापूर्वी दोन संध्याकाळी सराव बाहेरून पाहा, स्त्री वादक किती आहेत आणि उशीर झाला तर घरी पोहोचण्याची काय सोय होते हे स्पष्ट विचारा. कानात बोळे घालण्यात कमीपणा मानू नका, कारण तो आवाज कानांना खरोखर अपायकारक आहे. पाठीचा किंवा कमरेचा त्रास असेल तर झांज घ्या, ध्वज घ्या किंवा व्यवस्थेत काम मागा. मिरवणुकीत वादकांना पाणी पुरवणारी आणि हातांची साखळी करून त्यांच्याभोवती कडे धरणारी माणसे नसतील तर पथक दहा पावलेही पुढे जाऊ शकत नाही, आणि पथकातल्या सगळ्यांना ही माणसे नावाने माहीत असतात. वाघोलीहून रोज पेठांत येणे जमणारे नाही. उपनगरांतही पथके आहेत, त्यामुळे आपल्या घरापासून जवळचे पथक शोधा. लांबच्या प्रसिद्ध पथकात आठवड्यातून एकदा जाण्यापेक्षा जवळच्या साध्या पथकात रोज जाणे आपल्या दृष्टीने फार मोलाचे आहे.

वादन नको असेल तर आपल्या सोसायटीच्या गणपतीकडे नव्याने पाहा. वर्गणीची पावती घेऊन दार लावणे आणि वर्गणी देताना ‘मला कोणते काम देता?’ असे विचारणे यांत पुढच्या दहा वर्षांचा फरक पडतो. आरतीच्या वेळची जबाबदारी, लहान मुलांच्या स्पर्धा, महाप्रसादाच्या दिवशी वाढप, ही कामे करायला माणसे नेहमीच कमी पडतात. मोठ्या गृहसंकुलांत मजल्यावरचे शेजारीही एकमेकांना ओळखत नाहीत, पण ज्या हाताने आपल्या पानात वरण-भात वाढला तो हात माणूस लिफ्टमध्ये विसरत नाही.

आणि पेठांतली मंडळे पाहायचीच असतील, तर ती उत्सवाच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत, सकाळी पाहा. कसबा गणपती, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि केसरीवाडा हे मानाचे पाच गणपती चालत फिरून होतात. वाघोलीहून रामवाडीपर्यंत बसने आलात की तिथून मेट्रो मिळते, आणि जिल्हा न्यायालयाला गाडी बदलली की थेट मंडईला उतरता येते. सकाळी मंडपात गर्दी तुरळक असते आणि एखादा वयस्क कार्यकर्ता खुर्ची टाकून बसलेला असतो. सार्वजनिक गणेशोत्सव भाऊसाहेब रंगारी यांनी १८९२ मध्ये सुरू केला की लोकमान्य टिळकांनी त्यानंतर, हा पुण्यातला जुना आणि अजूनही न मिटलेला वाद आहे. तो प्रश्न त्यांना आदराने विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत निवांत बसा. बहुधा चहा येतो, शेजारच्या मंडळातले दुसरे काका बोलावले जातात आणि आपल्याला दोन्ही बाजू ऐकायला मिळतात. वाद काहीही असो, घरातला देव चौकात आणला तो निरनिराळ्या आळ्यांतली माणसे एकत्र यावीत म्हणून, याबद्दल दोन्ही बाजूंचे एकमत असते.

आता माझा अनुभव सांगते, कारण तो आपल्या प्रश्नाशी थेट जोडलेला आहे. मी १९८७ साली परभणीहून नोकरीसाठी पुण्यात आले आणि नाना पेठेत एका वाड्यात कॉट बेसिसवर राहू लागले. पहिले कित्येक महिने वाड्यातल्या बिऱ्हाडांशी माझे बोलणे नळाच्या वेळेपुरतेच होते. ज्येष्ठ वद्यात आळंदीहून ज्ञानेश्वर महाराजांची आणि देहूहून तुकाराम महाराजांची पालखी पुण्यात येते. तुकोबांच्या पालखीचा मुक्काम नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबा मंदिरात असतो, तर माउलींच्या पालखीचा भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरात. त्या मुक्कामात दोन्ही पेठांतले वाडे, शाळा, गोदामे, सारे काही वारकऱ्यांसाठी उघडे होते, आणि कित्येक घरांत एकच दिंडी पिढ्यान्पिढ्या उतरते. आमच्या वाड्यातही एक दिंडी येत असे. पालखी येण्याच्या आदल्या रात्री घरमालकीणबाई माझ्या दाराशी आल्या आणि म्हणाल्या, ‘पोळ्या लाटता येतात ना? मग चला खाली.’ त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी मिळून किती पोळ्या लाटल्या याची गणती नाही. पहाटे परातीभोवती बसलेल्या बायकांनी माझे नाव विचारले, गाव विचारले, आई-वडील काय करतात ते विचारले. दिंडीतल्या एका आजींनी तर मी परभणीची म्हटल्यावर माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडलाच नाही. वारी पुढे दिवे घाटाकडे गेली आणि मी मात्र त्या दिवसापासून वाड्यातली झाले. त्यानंतर दिवाळीचा फराळ मला एकटीने खावा लागला नाही.

आजही त्या दोन दिवसांत शेकडो हातांची गरज असते. कोणी वारकऱ्यांचे पाय चेपून देते, कोणी फाटक्या चपला शिवून देते, डॉक्टर पायांच्या फोडांना मलमपट्टी करतात, दाढी-कटिंग करणारे कारागीर दिवसभर विनामूल्य बसतात. आपल्या कंपनीतल्या चार मैत्रिणींना घेऊन, आधी एखाद्या मंडळाशी बोलून, एका वेळेच्या जेवणाचे वाढप अंगावर घ्या. एकटीने जाण्याचा संकोच आपण विचारला आहे, त्याचेही उत्तर इथेच आहे. प्रेक्षक म्हणून एकटे उभे राहणे जड जाते, हातात वाढपाची बादली असली की कुठे पाहावे आणि हात कुठे ठेवावेत हा प्रश्नच पडत नाही.

सवाईबद्दल थोडेसे. पंडित भीमसेन जोशी यांनी आपले गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केलेला हा महोत्सव एका दिवसात भेटत नाही. पुढच्या वेळी सगळ्या दिवसांचे तिकीट काढा, भारतीय बैठकीत बसा आणि रोज शक्यतो एकाच जागी बसा. दुसऱ्या दिवशी शेजारचे कुटुंब आपल्यासाठी जागा धरते, तिसऱ्या दिवशी डबा पुढे होतो, आणि शेवटच्या दिवशी सवाई गंधर्वांच्या भैरवीचे ध्वनिमुद्रण लागते तेव्हा आपण ज्यांच्यासोबत उठून उभे राहतो ती माणसे अनोळखी राहिलेली नसतात. खाण्याच्या दालनांजवळची चर्चाही ऐका. आत्ताच झालेल्या गायनाबद्दल तिथे अनोळखी माणसे एकमेकांशी मोकळेपणाने बोलतात, आणि संगीतातले काही कळत नाही असे सांगणाऱ्याला समजावून सांगायला तर सगळेच उत्सुक असतात.

प्रश्न : मी ६७ वर्षांचा, अकोल्याहून निवृत्तीनंतर बाणेरला मुलाकडे राहायला आलो आहे. पत्नी दोन वर्षांपूर्वी गेली. मुलगा-सून कामावर आणि नातवंडे शाळेत गेल्यावर दिवस सरता सरत नाही. आपण लोकांना उत्सवांत सामील व्हायला सांगता, पण मला देवाधर्मात रस नाही आणि ढोलांचा आवाज सोसत नाही. वाचनाची मात्र आवड आहे. अकोल्यात रोज संध्याकाळी ग्रंथालयात चार माणसे भेटत असत. तसे इथे काही आहे काय?

उत्तर : आपले पत्र वाचून मन जड झाले, आणि लगेच हेही वाटले की आपल्यासारख्या वाचकासाठी या शहरात बरेच काही आहे. उत्सव म्हणजे केवळ देवाचा उत्सव, असे पुण्याने कधीच मानलेले नाही. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला हा माझ्या मते पुण्याचा सर्वांत पुणेरी उत्सव आहे. दर वर्षी एप्रिल-मे महिन्यांत, ऐन उन्हाळ्यात, टिळक रस्त्यावरच्या टिळक स्मारक मंदिरात ती रोज संध्याकाळी भरते. कधी अर्थकारण, कधी इतिहास, कधी शेती, कधी विज्ञान असे विषय बदलत राहतात, श्रोते मात्र बरेचसे तेच असतात, आणि त्यांत आपल्या वयाचे, एकटे येणारे अनेक जण असतात. पहिले दोन-चार दिवस कोणी बोलणार नाही. आठवड्याभरात नमस्कार सुरू होतील. आपण एखाद्या दिवशी आला नाहीत तर दुसऱ्या दिवशी ‘काल दिसला नाहीत?’ असे कोणीतरी विचारील. आपण अकोल्यात ज्याला मुकलात ते नेमके हेच असावे, असे मला आपल्या पत्रावरून वाटते.

बाणेरहून टिळक रस्ता लांब आहे आणि उन्हाळ्यात रोजचा प्रवास शरीराला जड जाऊ शकतो, म्हणून आठवड्यातले दोन-तीन दिवस ठरवून घ्या, पण ते ठरलेले दिवस चुकवू नका. उरलेल्या वर्षासाठी ग्रंथालय आहेच. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ साली स्थापन झाले. त्याच वर्षी जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू केली होती. ११ एप्रिलला, महात्मा फुले जयंतीच्या दिवशी, गंज पेठेतल्या फुले वाड्यावर जाऊन या. गावोगावची माणसे तिथे येतात. त्यानंतर तीनच दिवसांनी येणाऱ्या आंबेडकर जयंतीला पुणे स्टेशनजवळच्या पुतळ्याच्या परिसरात पुस्तकांची दुकाने लागतात. पुस्तक चाळणाऱ्या माणसाशी पुस्तकावरून बोलणे सुरू करायला प्रस्तावना लागत नाही. विदर्भातून आलेले वाचकही तिथे भेटण्याची शक्यता आहे, आणि वऱ्हाडी बोलणारा माणूस समोर आला की मनाला किती बरे वाटते हे मी आपल्याला काय सांगावे.

याशिवाय बाणेरमध्येच ज्येष्ठ नागरिक संघाची चौकशी करा. सदस्यांचे वाढदिवस, कोजागरीचे दूध, एक दिवसाची सहल, असे त्यांचे साधे कार्यक्रम असतात. आपल्याला ते सुरुवातीला बेताचे वाटतील. तरीही तीन महिने जा, आणि मग त्यांना सुचवा की महिन्यातून एकदा एका पुस्तकावर बोलण्यासाठी जमावे. असे सुचवणाऱ्यालाच ते काम करावे लागते, हे आपल्याला ठाऊक असेलच; माझी तर इच्छा आहे की ते आपल्यालाच करावे लागावे. आणि एक विनंती करते. रोज संध्याकाळी नातवंडांनाही यातला थोडा वृत्तान्त सांगत जा. आजोबा आज कुठे जाऊन आले याची त्या मुलांना वाट पाहायला लागली, तर घरातला दिवसही वेगळा होईल.

प्रश्न : मी इंदूरचा मराठी मुलगा, पुण्यात अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. इंदूरला रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीत, सगळे शहर राजवाड्यासमोर लोटते, कोण कुणाच्या ओळखीचा हे कोणी विचारत नाही. इथे मात्र मला माझ्या हिंदी वळणाच्या मराठीमुळे बोलायला भीती वाटते. वसतिगृहातली मुले हसतात. अशा स्थितीत इथल्या कार्यक्रमांत कसा मिसळू?

उत्तर : हसणाऱ्यांचे मला वाईट वाटले. होळकरांच्या काळापासून इंदुरात नांदलेली मराठी ही मराठीच आहे, आणि तिच्यातले हिंदी वळण हा दोष नसून त्या गावाची खूण आहे. कोल्हापूरचा, नागपूरचा, मालवणचा मुलगा पुण्यात येतो तेव्हा त्याचीही बोली वेगळीच असते.

आपल्या महाविद्यालयाचा नाट्यसंघ पुरुषोत्तम करंडकात भाग घेतो का, ते उद्याच विचारा. ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालू आहे, भरत नाट्य मंदिरात ती होते, आणि पावसाळ्यात तालमींनी अनेक महाविद्यालयांच्या रात्री जागत्या असतात. बोलण्याची भीती असेल तर पडद्यामागचे काम मागा. अभियांत्रिकीचा विद्यार्थी प्रकाशयोजनेसाठी, ध्वनीसाठी, नेपथ्याची उभारणी-मोडणी करण्यासाठी कोणत्याही संघाला हवाच असतो, कारण नेपथ्य ठरलेल्या मिनिटांत उभे करून उतरवावे लागते आणि तिथे सगळे एकमेकांवर अवलंबून असतात. विंगेत उभे राहून रोज तेच संवाद ऐकताना आपली मराठीही नकळत मोकळी होईल, आणि संहितेत इंदूर-देवासकडचे एखादे पात्र आले तर बोली शिकायला सगळे आपल्याकडेच येतील. स्पर्धेच्या दिवशी नाट्यगृहात ‘अरे आव्वाज कुणाचा’ ही आरोळी उठते, तेव्हा त्याला उत्तर देणाऱ्यांत आपला आवाज असायला हवा.

आता पावसाळा संपत आला असेल आणि संघ ठरला असेल, तरीही जाऊन भेटा. अखेरच्या पंधरा दिवसांत सामान वाहायला, रात्री चहा आणायला, पोशाख शिवून आणायला माणूस लागतोच. दिवाळीत घरी जाल तेव्हा परतताना तालमीतल्या मंडळींसाठी इंदूरची शेव आणा, आणि पुढच्या मार्चमध्ये त्यांच्यातल्या दोघा-तिघांना गेर पाहायला आपल्या घरी घेऊन जा.